लावण्या प्रेमाने झुरत नव्हती

"पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुफ्फुसांचा क्षय. टीबी.

माझी धाकटी बहीण लावण्या समोरच्या स्टुलावर बसली होती. इतकी वाळली होती, की ड्रेस कुणा दुसऱ्याचा घातल्यासारखा वाटत होता. आणि आमची अम्मा काय म्हणाली? "पण डॉक्टरसाहेब, तिला त्या पोराचं लागलंय की हो. लगीन मोडलं तवापासनं झुरतीय."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "बाई, मला हितं पोरगा दिसत नाही. जखम दिसते."

त्या दिवशी मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. पुढच्या खोलीत टॉवेलचे दोन माग, त्यामुळे घरभर कापसाचं तूस उडत असतं. आमच्याकडे खोकला हा आजारच धरत नाहीत. मागाचा खोकला म्हणायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचं. लावण्याने कित्येक महिने गूळ खाल्ला.

त्यातच अक्कलकोटच्या वीरेशशी तिचं लग्न मोडलं. तो लिंगायत, आम्ही पद्मशाली. दोन्ही घरांनी नाही म्हटलं आणि हा पठ्ठ्या मैंदर्गी गावच्या, त्यांच्याच जातीतल्या मुलीला हो म्हणून मोकळा झाला. त्यानंतर लावण्याला काहीही झालं की कारण तयार. जेवत नाही, विरह. रोज संध्याकाळी अंग तापतं, विरह. मावशी तर छातीठोकपणे म्हणाली, "प्रेमाचा ताप हाय. दुसरं स्थळ बघा, उतरतोय बघा." आणि खरंच स्थळं बघायला सुरुवात झाली. तपासायला कुणी नेलं नाही. मी नेलं, तेही घरच्यांशी भांडून.

निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, मध्येच सोडल्या तर ड्रग रेझिस्टन्स येतो, म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाहीत.

एका सकाळी मला तुळशीच्या कुंडीत लालसर गोळ्या सापडल्या. मी तिच्यापुढे मूठ उघडली. ती शांतपणे म्हणाली, "मी गेले की कळंल त्याला. जन्मभर जळत बसंल."

हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं. ती इंग्रजीत एम.ए. करत होती आणि अभ्यासाला एक जुनी कादंबरी होती. उशाशी दुसरं काही नसायचं.

पुढच्याच आठवड्यात खोकल्यातून रक्त पडलं. याला हिमॉप्टिसिस म्हणतात. थेंब नव्हे, टॉवेल भिजला. अम्मा तेव्हा कुठे किंचाळली. लावण्याला सरकारी दवाखान्यात दाखल केलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी ती कादंबरी वाचून काढली. उजाड माळ, सतत वारा, भुतं. एक बाई प्रेम एकावर करते, लग्न दुसऱ्याशी करते आणि तापाने फणफणून मरते. मग तिचा प्रियकर दोन घरांची राखरांगोळी करतो, पुढच्या पिढीच्या लेकरांनाही छळतो आणि तिच्या भुताने आपल्याला छळावं म्हणून विनवण्या करतो. याला म्हणे अमर प्रेम! अख्ख्या पुस्तकात बेडक्याचं भांडं धुताना कुणी दिसत नाही. मला त्यात एकच माणूस पटलं. सगळ्यांची आजारपणं काढणारी मोलकरीण.

माझ्या बहिणीचा जीव चालला होता आणि तिला त्यातलं भूत व्हायचं होतं. मी ते पुस्तक बाकाखाली भिरकावलं. झाडूवाल्या बाईंनी उचलून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीरेश आला. तोंडावर रुमाल, हातात शहाळं. लावण्याची खाट दाराला लागूनच होती, पण तो उंबरा ओलांडेना. म्हटलं, निदान रडेल तरी.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "मी बी तपासून घ्यावं काय? पुढच्या महिन्यात लगीन हाय माझं."

"घ्या की," सिस्टर आतून म्हणाल्या. "आत या, मास्क देते."

"नको, नको. बस हाय माझी." शहाळं जमिनीवर ठेवून तो गेला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लावण्या छताकडे बघत पडली होती. मग कोपरावर रेटा देऊन उठली.

"ह्याच्यासाठी मरत होते व्हय मी?"

मी तिच्या पाठीशी उशी लावली.

"पाणी दे अक्का. आणि गोळ्या दे. सगळ्या."

त्यानंतर तिने गोळी चुकवली नाही. नशीब, औषधं लागू पडली. उलट्या झाल्या, लघवी केशरी झाली, सांधे धरले, तरी चुकवली नाही. शेवटची स्प्युटम टेस्ट, म्हणजे बेडक्याची तपासणी, स्वच्छ आली. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. वॉर्डात होती तोवर रोज समोर उभं राहून त्यांनी गोळ्या गिळायला लावल्या. मावशीचं मात्र आजही चालूच असतं, "बघा, विसरली की न्हाय त्याला? म्हणूनच बरी झाली." ऐकलं की डोक्यात तिडीक जाते.

तुमच्या घरात कुणी मुलगी झुरत असेल, तर आधी तिची थुंकी तपासून आणा. प्रेमाचं नंतर बघू.