योशिदाबाईंचा वाडगा

मी जपानला जाणार हे ठरल्यावर तयारी सुरू केली ती आमच्या मुलुंडच्या चाळीने. तिकीट हातात यायच्या आधी याद्या आल्या. खालच्या काकूंना जपानी साडी, शेजारच्या अण्णांना कॅल्क्युलेटर आणि घरात टीव्ही नसलेल्या बंड्याला व्हीसीआर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि शेतीची छोटी यंत्रं जोडायला शिकण्यासाठी कंपनी मला सहा महिने पाठवत होती. "तोक्योत ऐश आहे यार तुझी," बंड्या म्हणाला. मीही त्याला अडवलं नाही.

तोक्योत मी एकूण चाळीस मिनिटं होतो. त्यातली तीस फलाट शोधण्यात गेली. पुढे पाच तास रेल्वे, मग बस, आणि मग माझं शहर. शहर म्हणायचं कारण तिथे नगरपालिका होती आणि चौकात एक सिग्नल. बाकी चारी बाजूंना भात, कोबी आणि सफरचंदाच्या बागा. मुख्य बाजारात गमबूट, विळे आणि बियाणं मिळायचं. काकूंच्या साडीची पहिल्याच दिवशी वाट लागली.

तुमच्यापैकी कुणी अशा गावी जाणार असाल तर एक सांगतो. शेवटची बस पाचला असेल तर ती पाचला सुटते. मी मुंबईच्या हिशोबाने पाच वाजून दोन मिनिटांनी पोचलो आणि कोबी बघत बघत दोन तास चालत घरी आलो. जेवणाची मात्र काळजी करू नका. मासे आणि भात. मालवणी माणसाला आणखी काय हवं? तिखट हवं, ते आईने बाटलीत भरून दिलं होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिचा वास घेतला आणि पुढचे तीन प्रवासी न तपासता सोडले.

त्या गावात मी एकटाच परदेशी. स्थानिक वर्तमानपत्राने माझा भात खातानाचा फोटो छापला. गावात त्या आठवड्यात दुसरं काही घडलं नसावं. भाजीवाल्याने विचारलं, तुमच्याकडे लोक हत्तीवरून कामाला जातात का? मी मोडक्या जपानीत सांगितलं, जातात, पण मुलुंडला हत्ती थांबत नाही, भांडुपला उतरून चालावं लागतं. त्याने गंभीरपणे मान हलवली. सगळे वाकून नमस्कार करत, हसत आणि निघून जात. कामाबाहेर माझ्याशी दोन शब्द बोलायला कुणी नव्हतं. रविवारी मी भिंतीशी मराठीत बोलायचो, आणि तीही वाद घालत नसल्याने मजा येत नव्हती.

मग एका संध्याकाळी दार वाजलं. शेजारच्या योशिदाबाई, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, हातात निळ्या काठाचा वाडगा. आत मुळ्याचं लोणचं. मी खाल्लं, वाडगा घासला आणि आईचा आवाज कानात आला, "रिकामा भांडा कोणाक परत करूचा नसता." घरात फक्त शेंगदाणे होते, ते खारवून घातले. बाई हरखल्या. दुसऱ्या दिवशी वाडगा भोपळा घेऊन आला. मी मैद्याचा शिरा केला. वाडगा मासा घेऊन आला. मी कोबीची भजी पाठवली, मालवणी मसाला घालून. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिसऱ्या दिवशी वाडगा हजर.

दोन महिने हे चाललं. दिवसभर यंत्रं जोडायची आणि रात्री बाईंना काय द्यायचं याचा घोर. शेवटी कारखान्यातले आमचे मुकादम सातो, ज्यांना इंग्रजी येत होतं, मला बाजूला घेऊन म्हणाले, "योशिदाबाई दमल्यात. तुम्ही दर वेळी काहीतरी भरून पाठवता. आमच्यात वाडगा रिकामा परत देत नाहीत, म्हणून त्यांना पुन्हा रांधावं लागतं."

"अहो, आमच्यातही देत नाहीत!"

सातो इतके हसले की त्यांची टोपी पडली. रविवारी त्यांच्या साक्षीने तह झाला. मी रिकामा वाडगा दोन्ही हातांनी बाईंना दिला. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाईंनी वाकून घेतला आणि दार लावलं.

तह अगदी झकास पाळला गेला. आठ दिवस माझं दार कुणी वाजवलं नाही. तेव्हा कळलं की मला भोपळा नकोच होता, दारावरची थाप हवी होती. नवव्या दिवशी मी भजी तळली, स्टीलच्या डब्यात भरली आणि तह मोडायला निघालो. बाईंचं दार उघडंच होतं. त्या उंबऱ्यावर बसून चपला घालत होत्या आणि शेजारी भरलेला वाडगा होता. आम्ही दोघं चोरी पकडली गेल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो.

निघायच्या दिवशी त्या बसथांब्यावर आल्या आणि बस सुटता सुटता वाडगा माझ्या हातात दिला, वाळवलेल्या फळांनी भरलेला. परतफेडीला वेळच नव्हता. त्या बाई बसचं वेळापत्रक पाठ करून आल्या होत्या.

घरी आल्यावर काकूंनी साडीवरून अबोला धरला. आईने मात्र फक्त वाडगा पाहिला. "ह्यो कोणाचो? धाडून दे. आणि रिकामो नाय." मुलुंडच्या पोस्टात कारकून म्हणाला, "जपानला लाडू? तिकडे खायला मिळत नाय काय?" वाडगा गेला आणि चार महिन्यांनी फळं घेऊन परत आला. असा तीनदा गेला, तीनदा आला.

चौथ्यांदा आला तेव्हा खोक्यावरचं अक्षर वेगळं होतं. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला, धुऊन पुसलेला, रिकामा वाडगा. सोबत जपानी चिठ्ठी, ती मला वाचता येईना. आईने वाडग्यात हात फिरवला आणि म्हणाली, "गेली रे ती." चिठ्ठी मी नंतर जपानी येणाऱ्या एकाकडून वाचून घेतली. योशिदाबाईंच्या मुलाने तेच लिहिलं होतं. तोवर माझं लग्न झालं होतं; मला बायकोच्या आणि शेजारच्या अण्णांच्या देखत रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

आईने डब्यातले मूठभर तांदूळ वाडग्यात घातले आणि तो फळीवर ठेवला. "रिकामो कसो ठेवूचो?" म्हणाली.

आता आई नाही. तांदूळ मी बदलतो.