हरकतीचे पंधरा दिवस

आमच्या शेळगावच्या शाळेच्या व्हरांड्यात इंग्रजी व्याकरणाची नोटीस लागायची. हो, नोटीसच! जमिनीच्या फेरफाराची चावडीवर लावतात ना, अगदी तशी. वर 'जाहीर सूचना', त्याखाली नियम: 'अँड' किंवा 'बट' या शब्दाने इंग्रजी वाक्य सुरू करू नये. आणि मग लाल शाईत, 'कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावी. मुदतीत हरकत न आल्यास नियम कायम समजण्यात येईल.' खाली झोकदार सही. ही सही करणाऱ्या माणसाला सगळं गाव 'हरकत सर' म्हणायचं. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

सर मूळचे कऱ्हाटीचे. वडील कोतवाल, नोटिसा चिकटवण्यात त्यांचा जन्म गेला. सर म्हणायचे, "न विचारता उताऱ्यावर नाव चढलं की डोकी फुटतात. मग तुमच्या डोक्यात नियम तरी गुपचूप का चढवायचा?" त्यासाठी त्यांनी एक जाडजूड वही घातली होती. तारीख, नियम, हरकतदार, पुरावा, निर्णय असे रकाने. पंधराव्या दिवशी चार वाजता सर ती वही उघडून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. बरोबर पाचला हरकतदाराच्या रकान्यात लिहायचे, 'निरंक'. नोकरीची सव्वीस वर्षं तो रकाना निरंक राहिला. आम्ही पोरी खांबाआडून फिदीफिदी हसायचो.

हरकत घेणार कोण? एकदा कळंबचे एक आबा पोराचे गुण का कापले ते विचारायला आले. सरांनी त्यांना हाताला धरून नोटिशीपुढे उभं केलं. "आबा, पटत नसेल तर घ्या हरकत." आबांनी टोपी काढून हातात घेतली. "सर, तुमच्यावर हरकत? आमी? काय बोलताय हे! पोरगं पास हाय का न्हाय तेवढं सांगा." सर खुशीत आले. ती खुशी पुढे किती जणांना महाग पडणार आहे, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहिताना आधी कृतज्ञता लिहावी की राग, हे माझं मला ठरवता येत नाही. इंग्रजी मला त्यांनीच दिली. शाळा सुटल्यावर फुकट शिकवायचे, स्वतःचा शब्दकोश घरी न्यायला द्यायचे, आणि पान दुमडलेलं दिसलं की आठवडाभर बोलायचे नाहीत. 'विथ'ने किंवा 'फॉर'ने वाक्य संपलं की कपाळाला हात लावून म्हणायचे, "अगं, हे वाक्य दावं तोडून निघालंय, बांध त्याला!" मी बांधायचे.

आमच्या शाळेतून दरवर्षी आठवीतलं एकच मूल पुण्याच्या निवासी शाळेत जायचं. निवड इंग्रजी निबंधावर. माझ्या निबंधात तीन वाक्यं 'बट'ने सुरू झाली होती, सरांनी तीन गुण कापले. दोन गुणांनी माझा नंबर गेला. गेलेल्या मुलावर माझा राग नाही, तो हुशारच होता. मी घरी येऊन गोठ्यात बसून रडले आणि माझंच चुकलं असं समजून गप्प बसले.

पुढे बारामतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एका बाईंनी सहज सांगितलं, की 'अँड-बट'च्या या नियमावर इंग्रजांमध्येच एकमत नाही. एक व्याकरणकार टाळा म्हणतो, दुसरा खुशाल लिहा म्हणतो. चांगले लेखक तर सर्रास लिहितात. वर्ग पुढे सरकला, मी तिथेच राहिले. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. तीन गुण! एका वादासाठी! पण सरांना जाऊन विचारायची छाती काही झाली नाही.

नंतर मी त्याच शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले. सर निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते आणि निबंधाचा निकाल व्हरांड्यात लागला. माझ्या वर्गातली सोनाली तीन गुणांनी मागे. निबंध मागून घेतला, तर चार वाक्यांना लाल रेघ, चार गुण गेलेले. सगळी वाक्यं 'अँड'ने आणि 'बट'ने सुरू होणारी. सोनालीला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली, "सर म्हंत्यात तर चूकच आसंल की, मॅडम." तिचा तो आवाज माझाच होता. निकालाखालीही लाल शाईत मुदत होतीच, पंधरा दिवस.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. आईला सांगितलं, तर ती उसळलीच. "ज्यानं तुला हाताला धरून शिकिवलं, त्याच्यावर उलटतीस व्हय गं? दोन म्हयन्यांनी जायाचाच हाय त्यो माणूस." आणि खरं सांगू? माझाही माझ्यावर भरवसा नव्हता. हे मी पोरीसाठी करतेय की जुनं उट्टं काढतेय? रोज व्हरांड्यातून जायचे, नोटीस वाचायचे आणि वर्गात शिरायचे.

पंधराव्या दिवशी चारला सर खुर्ची टाकून बसले. पावणेपाचला मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माझी हरकत आहे."

शिपाई हातातली बादली घेऊन जागीच थांबला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पुरावा?"

मी दोन व्याकरणाची पुस्तकं ठेवली, एकमेकांशी भांडणारी. वर आठवीचं पाठ्यपुस्तक ठेवलं, सरांनी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलेला धडा उघडून. त्यात 'बट'ने सुरू होणारी पाच वाक्यं होती. "नियम खोटा आहे असं मी म्हणत नाही, सर. पण तो आवडीनिवडीचा आहे. ज्यावर वाद आहे त्यावर पोरांचे गुण कापायचे नाहीत."

सरांनी तो धडा बोट ठेवून वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता पुस्तक भिरकावतील. पण बोलले ते भलत्याच सुरात. "मी दर खेपेला वाट बघायचो. कुणीच येत न्हाय, म्हंजी मी बरोबर हाय, असं धरून चाललो गं." त्यांच्या तोंडून गावाकडची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी निर्णयाच्या रकान्यात लिहिलं, 'हरकत मान्य. चार गुण परत.' सोनाली एका गुणाने पहिली आली.

मी वळले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझे किती कापले होते?"

"तीन."

"आणि नंबर कितीने गेला?"

"दोनने."

त्यांनी वही मिटली.

निरोप समारंभ झाल्यावर सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती वही माझ्या हातात दिली. घरी येऊन उघडली. शेवटची नोंद निरोपाच्या दिवशीचीच होती. हरकतदार: त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव. पुरावा: माझं नाव, आठवी ब, निबंध. निर्णयाचा रकाना कोरा. 'हरकत घेणाऱ्याने निर्णय द्यायचा नसतो,' हे त्यांचंच नेहमीचं वाक्य. म्हणजे निर्णय मी द्यायचा होता, पंधरा दिवसांत.

मला काय व्हावं? संताप झाला. आता? इतक्या वर्षांनी? वही कपाटात साड्यांखाली दडपली. म्हटलं, बघू दे त्यांनाही वाट. दिवस मात्र मोजत होते. चौदाव्या दिवशी कऱ्हाटीहून काकूंचा, सरांच्या बायकोचा, फोन आला; निवृत्तीनंतर दोघं तिकडेच राहायला गेली होती. "काय झालंय यास्नी, कळंना. जेवान धड न्हाय. आन् कालपास्नं चार वाजलं की ओट्यावर खुर्ची टाकून बसत्यात."

दुसऱ्या दिवशी तिसरा तास संपताच गाडी काढली. बारामतीच्या अलीकडे उसाचे ट्रॅक्टर आडवे. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. घड्याळात साडेतीन, मग चार. मी चालकांवर ओरडत होते, त्यांना वाटलं असेल, बाईच्या घरात काहीतरी आक्रीत घडलंय. कऱ्हाटीत शिरले तेव्हा पाचला सहा मिनिटं कमी होती.

सर ओट्यावर बसले होते. समोर रिकामं टेबल, हातात लाल पेन. दोन आठवड्यांत निम्मे झाले होते. मला बघून उठायला गेले, जमलं नाही.

"मला वाटलं," ते म्हणाले, "हितंबी निरंक."

मी वही उघडली, त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'हरकत मान्य. तीन गुण परत. मुलगी पात्र होती.'

सरांनी ते बोट ठेवून वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं वाच."

मी वाचलं.