समुद्राकडे तोंड करून

रत्नागिरीकडच्या आमच्या गावात घराची ओटी समुद्राकडे. लहानपणी मला किब्ला कुणी शिकवला नाही, समुद्र दाखवला. नमाजाला तिकडे तोंड करून उभी राहा, एवढंच सांगितलं. मक्का त्या पाण्यापलीकडे होती, आणि कौलं भरून बसऱ्याला गेलेलं बाबांचं गलबतही तिकडेच. येताना ते खजूर आणायचे. मी चौथीपर्यंत शिकले, मग ओटीवर काथ्या वळत त्याच पाण्याकडे बघत राहिले.

आता मी कतारला, दोह्यात असते, ओल्ड एअरपोर्ट भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये. नवरा गेल्यावर मुलाने आणलं. मला परत जायचं आहे, कायमचं. मी तसं सांगितलं की तो म्हणतो, "इन्शाल्ला अम्मी, पुढच्या वर्षी." तोंडावर नाही म्हणवत नसलं की इथे असंच बोलतात.

नातीला शाळेत पोर्तुगीजांवर प्रोजेक्ट होता. ते जहाजं घेऊन आल्यावर आपल्या समुद्रातल्या व्यापाराचं काय झालं, असा. तिला मराठी समजतं, बोलते अर्धं इंग्रजीत. मी बाबांकडून ऐकलेलं सांगितलं. आधी वारा मिळाला की कुणीही निघायचं. होर्मुझला, एडनला, मिरी न्या, कापड न्या, घोडे आणा. मग फिरंगी तोफा घेऊन आले आणि म्हणाले, समुद्र आमचा. त्यांचा परवाना जवळ नसला तर गलबत लुटायचे, जाळायचे. आधी परवाना घ्या, त्यांच्या बंदरात जकात भरा, मग पुढे जा. हजला निघालेली जहाजंसुद्धा सुटली नाहीत.

"म्हणजे व्हिसा," नात म्हणाली.

"व्हिसाच."

"अँड यू, दादी? तुला घरी जायला कोण स्टॉप करतं?"

"तुझा बाप. माझा फिरंगी तोच."

आतून मुलगा ओरडला, "ऐकतोय मी!"

"ऐक की. ऐकायलाच बोलतेय."

शुक्रवारी तो आम्हाला कॉर्निशवर, इथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर घेऊन गेला. नातीला लाकडी गलबतांचे फोटो हवे होते. मी तिला गलबताची मागची सपाट बाजू दाखवली. बाबा म्हणायचे, आपल्या जुन्या गलबतांना दोन्हीकडे टोक असायचं, ही सपाट पाठ फिरंग्यांची बघून आली.

"त्यांनी लुटलं, अँड वी कॉपीड देम?"

"चांगली दिसली ती घेतली. सुतार काय रुसून बसतो?"

लाकडाला माशाचं तेल चोपडलेलं होतं. तो वास नाकात गेला. आमच्या खाडीवर, गलबत किनाऱ्याला ओढून घेतल्यावर हाच वास यायचा. बाबांच्या कपड्यांनाही.

असरची, दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली. मी गवतावर चटई टाकली आणि उभी राहिले. हात उचलणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "अम्मी, उलटी उभी आहेस. मक्का तुझ्या मागे."

"समुद्र तर इकडे आहे."

"इथे समुद्र पूर्वेला, अम्मी."

घरात त्याने भिंतीवर मक्केकडचा बाण चिकटवलाय, म्हणून तिथे कधी चूक झाली नव्हती. नातीने फोनवर नकाशा काढला, बोट फिरवलं. "दादी रत्नागिरीकडे बघतेय," ती म्हणाली. "ऑलमोस्ट."

कुणी हसलं नाही. मी वळले, समुद्राकडे पाठ करून नमाज पढले. पाण्यावरचा वारा पाठीवर घेऊन आयुष्यात कधी पढले नव्हते. मन लागलं नाही. खोटं कशाला सांगू?

शेवटचा सलाम फिरवून बघते तर मुलगा पाण्याकडे तोंड करून बसलेला.

"गावच्या घराची कौलं गेलीत ना?" त्याने विचारलं.

"मागच्या बाजूची. पुढच्या खोलीत झोपता येतं."

"एकटी?"

"शेजारी तुझी चुलती आहे, तिचा मुलगा आहे. मी काय जंगलात राहणार आहे?"

मग त्याने त्या चुलतभावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. कौलं मिळतील का, चढवायला माणूस मिळेल का, सगळं विचारलं. तिकडून तो म्हणाला, "सगळं मिळेल रे. चाची कधी येते ते सांग."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी फोन ओढून घेतला आणि सांगितलं, "पावसाच्या आधी."