अर्ध्या भाकरीचं जेवण

परतूर डेपोत माझ्या गाडीपेक्षा माझा डबा जास्त प्रसिद्ध होता. मी एस.टी.चा ड्रायव्हर, परतूर–जालना मार्गावरचा. सकाळची फेरी करून आलो की विश्रांतीच्या खोलीत डबा उघडायचा आणि सोबतचे लोक आपलं जेवण थांबवून माझ्याकडे बघायचे. सहा भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, वर गुळाच्या दोन दशम्या. पाहता पाहता डबा रिकामा. लोकांनी बघावं असं मलाही वाटायचं. खाणं हाच माझा पराक्रम होता.

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पोट स्टिअरिंगला टेकलं. खरंच टेकलं, वळणावर चाक फिरवताना शर्टाचं बटण घासायचं. त्या वर्षीच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही. "वजन उतरवा, नाहीतर गाडी सोडावी लागेल," तपासणाऱ्या डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या लिहून देताना सरळ सांगितलं. सव्वीस वर्षं हातात चाक धरलेल्या माणसाला दुसरं काय येतं? मी घाबरलो.

जालन्यातल्या एका डॉक्टरीण बाईंनी मला आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. म्हणाल्या, "काका, ह्यानं भूक कमी होईल. पण जेवण सोडायचं नाही. थोडं खा, पण कसदार खा." मी पहिलं वाक्य नीट ऐकलं. पुढची दोन कानावरून गेली.

पहिले काही दिवस मळमळ झाली. मग एक दिवस स्टँडवरच्या भज्यांच्या गाड्यासमोरून मी न बघता निघून गेलो आणि चार पावलांवर स्वतःच थबकलो. डोक्यात सारखं 'खाऊ का, काय खाऊ' चालायचं, ते बंद पडलं होतं. घरी ताटावर बसलो की अर्ध्या भाकरीवर हात थांबायचा. मला केवढा आनंद झाला! वाटलं, जिंकलो.

बायकोला मात्र ते सोसेना. लग्नाला चोवीस वर्षं झालेली, आणि एवढ्या वर्षांत तिनं केलेलं माझ्या ताटात कधी उरलं नव्हतं. एका दुपारी भरलेलं ताट मी परत सरकवलं तेव्हा तिनं विचारलं, "माझ्या हाताची चव गेली का?"

"न्हाई गं. भूकच लागून न्हाई राह्यली."

"मंग मी करू कुणासाठी?"

लेक नांदेडला शिकायला. घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःपुरती खिचडी टाकायला सुरुवात केली आणि मी चहा-बिस्किटांवर राहू लागलो. पट्ट्याला नवी भोकं पाडली की ती डेपोत सगळ्यांना दाखवायचो. अकरा किलो उतरले होते. केस गळत होते, गाडीत चढताना दांडा घट्ट धरावा लागत होता, पण त्याकडे कोण बघतो?

मग वाटूरच्या अलीकडची ती सकाळ आली. गाडी भरलेली, उभे प्रवासीसुद्धा. एकाएकी तळहातांना घाम फुटला, बोटं थरथरायला लागली, आणि समोरचा रस्ता पाण्यातून बघितल्यासारखा हलला. कशीबशी गाडी कडेला एका लिंबाखाली घेतली आणि ब्रेक ओढला. माझी कंडक्टर, लेकीपेक्षा थोडी मोठी असेल, गर्दीतून पुढं आली.

"मामा, काय झालं?"

मला शब्द जुळवता येईनात. तिच्या वडिलांना साखरेचा आजार, त्यामुळे तिला चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं मागं वळून ओरडून विचारलं, "कुणाजवळ गोड काही हाय का?" राजूरच्या गणपतीचं दर्शन करून आलेल्या एका आजीनं प्रसादाचे पेढे पुढं केले. दोन पेढे पोटात गेले तसा रस्ता जाग्यावर आला. मग कंडक्टरनं स्वतःचा डबा उघडून मटकीची उसळ आणि पोळी माझ्या हातात दिली.

"सकाळून काय खाल्लं?"

"चहा."

"अन् काल?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"एवढ्या लोकांचा जीव तुमच्या हातात हाय, मामा. अन् तुम्ही चहावर गाडी चालवून राह्यले?"

ती हळूच बोलली, पण सगळ्या गाडीनं ऐकलं असं मला वाटलं. डेपोतून दुसरा ड्रायव्हर आला आणि मी माझ्याच गाडीत खिडकीशी बसून गेलो. मान वर करायची हिंमत झाली नाही. परतल्यावर डेपोत झालं ते खरं सांगितलं आणि बरं वाटेपर्यंत चाकाला हात लावणार नाही असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायको दवाखान्यात सोबत आली. डॉक्टरीण बाईंनी मला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मला उठता येईना! सहा भाकरी खाणारा गडी खुर्चीत अडकला.

"काका, अकरा किलोत नुसती चरबी नाही गेली, अंगातलं मांसही गेलंय," बाई म्हणाल्या. "पोटात काही नाही आणि वर साखरेच्या जुन्या गोळ्या चालूच. चक्कर येणार नाही तर काय?" त्यांनी एक गोळी बंद केली. मग माझ्याशी बोलणं सोडून बायकोकडे वळल्या. "मावशी, ह्यांच्या पोटात आता वाटीभर जागा आहे. त्या वाटीत काय घालायचं ते तुम्ही ठरवा. आधी डाळ, उसळ, अंडं, दही, भाकरी शेवटी."

इतका वेळ खाली मान घालून बसलेली माझी बायको ताठ झाली. "वाटीभरच ना? मंग बघतेच मी."

तिनं खरंच बघितलं. लेकीच्या उष्टावणाची छोटी ताटली माळ्यावरून काढून घासली. माझं ताट आता तेच. सकाळी मेथी घातलेलं मुगाचं पातळ धिरडं आणि दही. दुपारी आधी मोड आलेली मटकी किंवा घट्ट वरण, मग भाजी, आणि अर्धी भाकरी. खिशात भाजलेले फुटाणे. संध्याकाळी उकडलेलं अंडं. रविवारी कोंबडी, पण वरची तर्री काढून. सगळं पहिल्याच झटक्यात जमलं असं नाही. एकदा तिनं हौसेनं शेवभाजी केली आणि ती मला उलटून पडली. बायको रडवेली झाली, मग म्हणाली, "तेल सोसत न्हाई, एवढंच. चुकलं ते कळलं." इंजेक्शन गुरुवारी, म्हणून शुक्रवार-शनिवार हलकं, मुगाचं कढण आणि मऊ भात. हे ठरवायला तिला दोन आठवडे लागले.

मी जुन्या सवयीनं भराभर घास टाकायचो. ती समोर बसायची. "चावा जरा. गाडी सुटून न्हाई चालली तुमची."

सकाळी ती मला खुर्चीतून दहादा उठवायची, मोठ्यानं आकडे मोजत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे. नंतर पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन हातात देऊन अंगणात फेऱ्या. चिडायचो मी. पण एका सकाळी दहा झाल्यावर अकरावं, बारावं आपोआप झालं आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

त्याच दिवसांत कधीतरी मला ज्वारीची गोडी कळली. अर्धी भाकरी हळू चावत होतो आणि तोंडात गोड लागलं. आयुष्यभर सहा-सहा खाल्ल्या, आणि एकीचीही चव घेतली नव्हती.

चार महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टरांनी आधीचा कागद बघितला, मला बघितलं, वजनकाट्यावर दुसऱ्यांदा उभं केलं. साखर आटोक्यात, रक्तदाब आटोक्यात. हात न टेकता खुर्चीतून उठा म्हणायच्या आधीच मी उठून दाखवलं. "चालवा गाडी," ते म्हणाले. त्या दोन शब्दांसाठी मी कितीतरी धिरडी खाल्ली होती!

कामावरच्या पहिल्या सकाळी कंडक्टर दारात आडवी उभी राहिली. "मामा, काय खाल्लं?"

"दोन धिरडी, वाटीभर दही."

"बराबर." तिनं दोनदा घंटी मारली. फाटकातून वळताना चाक पूर्ण फिरवलं, आणि पोट कुठंच आडवं आलं नाही.

थंडीत आम्ही टेंभुर्णीला बायकोच्या माहेरी हुरडा खायला गेलो. मेहुण्यानं मला बघितलं आणि काळजीनं बहिणीला विचारलं, "दाजी आजारी पडले काय?"

"आजारी तेव्हा होते," ती म्हणाली. "आता बघ." आणि मला म्हणाली, "जा, विहिरीपर्यंत पळून या." मी ढेकळांतून पळालो, बांधावरून उडी मारली आणि परत आलो. मेहुणा टाळ्या वाजवत होता.

मग शेताच्या कडेला सतरंजीवर मांडी घालून बसलो. बायकोनं गरम कणीस चोळून मूठभर हुरडा माझ्यासमोर ठेवला, बाजूला जवसाची चटणी, दही. पूर्वी मी जेवून उठलो की मगच ती ताट घ्यायची. तोवर सगळं निवलेलं असायचं. आता मी हात लावायच्या आधीच तिनंही मूठ भरली, माझ्या शेजारीच बसली. आम्ही एकदमच सुरुवात केली. कोवळा, दुधाळ हुरडा खात ती म्हणाली, "गरम किती चांगला लागतो हो."