शेठचा फोन
मोटर जळाल्याचा वास आला की मला आमचं वॉशिंग मशीन आठवतं. दोन महिन्यांत बंद पडलं, आणि गंगापूर रोडवरचं दुकान पाटीसकट गायब. आई रोज कंपनीला फोन करायची. ते म्हणायचे, "तुमच्या दुकानदाराला बोलायला सांगा." सुजलेल्या मनगटांनी ती पुन्हा चादरी पिळायला लागली, तेव्हा माझं डोकं सटकलं. सरांच्या नकला करून मी शाळेत मार खाल्लेला; कंपनीला फोन लावला आणि दुकानदाराचा गोडगोड आवाज काढला, "अहो साहेब, आपलंच गिऱ्हाईक आहे, बघा की जरा." दुसऱ्या दिवशी मेकॅनिक दारात. "शेठचा फोन आला ना ताई, म्हणून आलो." आई गालात हसली. मला अजून हसू येत नाही. महिनाभर आईचं कुणी ऐकलं नाही, पळून गेलेल्या चोराचं मात्र लगेच ऐकलं.