काचेवरचं वावर

आमच्या इवाईंइतका चोख शेतकरी अख्ख्या विदर्भात दुसरा नाही, हे मी देवावर हात ठेवून सांगायला तयार आहे. त्यांच्याकडे बैल नाही, ट्रॅक्टर नाही, विहीर नाही, इतकंच काय, पाऊल मावेल एवढीही जमीन नाही; पण त्यांची पेरणी कधी चुकत नाही, निंदण मागे पडत नाही, आणि कपाशीवर बोंडअळी तर सोडाच, माशीसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय बसत नाही. सगळी शेती पाटीएवढ्या एका टॅबवर! इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पुस्तकातले लोक यांना व्याही म्हणतात, आणि आमच्याकडच्या इहिनबाईला विहीणबाई. मीही चित्रकलेची मास्तरीण होते तोवर मोठ्या ऐटीत व्याहीच म्हणायची. पंचवीस वर्षांच्या सोयरिकीत माझी जीभ ताळ्यावर आली.

या माणसाने उभा जन्म खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढला. भट्टीच्या इवल्याशा झरोक्याला डोळा लावायचा, आतल्या ज्वाळेचा रंग बघायचा आणि सांगायचं, "आज कोळसा ओला आहे." यंत्रं नंतर तेच सांगत. अशा डोळ्याचा माणूस निवृत्त होऊन घरी बसला. आमची दोघांची सामाईक नात शिकायला पुण्याला गेली आणि जाताना जुना टॅब आजोबांच्या हाती ठेवून गेली. त्यात चित्र काढायची सोय होती. झालं! दुसऱ्या दिवसापासून इवाई कामावर रुजू. सकाळी सहा ते दुपारी दोन, पहिली शिफ्ट. व्हरांड्यात खुर्ची, शेजारी स्वतःच्याच घरात भरून घेतलेला डबा, आणि डोक्याला रुमाल, कारण वावरात ऊन लागतं. एकदा मी दोन वाजून पाच मिनिटांनी पोचले. टॅबवर डोंगर कमरेपर्यंत आलेला, वरचा अर्धा गायब, आणि इवाई पाय पसरून चहा पिताहेत. मी म्हटलं, "अहो, अर्धा डोंगर तसाच टाकला?" म्हणाले, "शिफ्ट सुटली, इहिनबाई. डोंगर काही पळून नाही जाऊन राहिला."

बरं, चित्रं तरी किती सुंदर! काळंभोर वावर, पलीकडे पारशिवनीकडचे निळसर डोंगर, मध्ये धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ. पण ती पाहायची तर पंचांग हातात घेऊन जावं लागतं. लेकीच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने सासऱ्यांकडे हिरव्यागार शेताचं चित्र मागितलं. जून महिना. इवाईंनी दिलं ते नुसत्या तपकिरी मातीचं. पोरगी हिरमुसली. "बाबा, यात हिरवं कुठे आहे?" तर हे गंभीरपणे म्हणाले, "कालच पेरलं, बेटा. वर यायले आठ दिवस तर दे!" आणि खरंच, आठ दिवसांनी त्या मातीतून दोन-दोन पानांचे कोंब वर आले, एकूण एक हाताने काढलेले. नातीने फोनवर सांगितलं होतं की आजोबा, कपाशीचं एकच झाड काढा आणि हजार ठिकाणी उमटवा. त्यावर हे आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. "दोन पऱ्हाट्या सारख्या कधी पाहिल्या तिनं? माणसं तरी सारखी असतात का?" 

चित्रात थरावर थर रचता येतात म्हणे. इवाई आधी खालचा मुरूम रंगवतात, त्यावर काळी माती, त्यावर ओल, मग मुळं आणि मग कुठे झाड. शेवटी दिसतं फक्त झाड. मी विचारलं, "जे कोणाला दिसणार नाही, ते कशाला रंगवता?" चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बॉयलरमधलं पाणी कोणाले दिसत होतं का? तुमचा पंखा मात्र फिरत होता ना?" आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बाया सीतादही करतात. वावरात पूजा मांडून दहीभात शिंपडतात. त्या वर्षी टॅबमधली बोंडं फुटली आणि इवाई देवघरातून वाटी घेऊन निघाले. माझ्या लेकीने धाव घेऊन टॅब उचलला म्हणून बरं, नाहीतर त्या सालचं सगळं पीक दह्यात गेलं असतं.

आता माझी अक्कलही सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला इवाईंची किंमत कळेल. सक्करदऱ्याच्या एका शाळेत मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. निसर्गचित्र म्हणजे काय? दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली होडी आणि काठावर वाकलेली दोन नारळाची झाडं. नागपुरात! जिथे नारळ फक्त देवळाबाहेरच्या दुकानात उगवतो! तीस वर्षं मी या गावच्या पोरांना, ज्यांनी सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, समुद्र काढायला लावला. एका पोरीने काळी जमीन आणि वर फुललेला पळस काढला, तर मी तिची वही परत केली: "जमीन अशी काळी असते का? तपकिरी कर." त्या वेळी मी इस्त्रीची साडी नेसून, केसात फूल खोचून, स्वतःला फार मोठी कलावंत समजत असे. दिवाणखान्यात माझं स्वतःचं भलंमोठं चित्र टांगलेलं होतं: बर्फाचे डोंगर आणि पुढे नारळ. लेकीला पाहायला ही मंडळी आली. सगळे पोहे खात होते आणि इवाई चित्रासमोर उभे. मी मनात म्हटलं, आता कौतुक होणार. मान तिरकी करून त्यांनी विचारलं, "इहिनबाई, हा नारळ बर्फात जगला कसा हो?" अजून सोयरीक ठरायची होती, आणि हे मला आत्ताच इहिनबाई! मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याच्या कानात फणफणले, "त्या भट्टीवाल्याला चित्रातलं काय कळतं!" लग्न झालं, ते माझ्या अपमानाकडे कोणी लक्ष दिलं नाही म्हणून. त्या चित्राच्या पाठीवर मी हल्ली पापड वाळवते. उन्हात ते बर्फ फार कामाला येतं.

तर, इवाईंच्या सगळ्या चित्रांत वावर एकच आहे. त्यांच्या वडिलांचं. ते कसलं कोणी? त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं, माहेरी परत आली आणि खुरपं हातात घेतलं ते चाळीस वर्षं ठेवलं नाही. पुढे भाऊबंदांनी मिळून ठरवलं, घरांच्या प्लॉटसाठी वावराचं लेआउट पडलं. आता तिथे पांढरे खुंट आहेत, डांबरी रस्ता आहे आणि बाभळीच्या जागी विजेचा खांब. आक्का भावाकडे राहायला आली. पंच्याऐंशी वर्षांची, वाळल्या तुरीच्या काडीसारखी सडसडीत, आणि जीभ खुरप्यासारखी. मागच्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी इवाईंना बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही हळूहळू जाईल. त्यांना जे दाखवायचं ते दाखवून घ्या. इवाई घरी आले आणि त्यांनी टॅबची काच पुसली. सगळ्या चित्रांत तेच वावर का, हे मला तेव्हा कळलं. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती: नजर जायच्या आत आक्काने ते वावर पाहावं आणि म्हणावं, हो, हे आपलंच.

पण आक्का कसली म्हणते! पहिलं चित्र नाकाशी धरून तिने विचारलं, "काहून गा लहान्या, हे कोनाचं वावर हाय?" बहात्तर वर्षांचा लहान्या पांढरा पडला. "आपलं, आक्का." "आपलं नाई. डोंगर लहान हाय." इवाईंनी डोंगर मोठा केला. आक्का म्हणाली, "आता तर अंगावर येऊन राहिला." बाभूळ सरकवली, धुरा वळवला, मातीचा रंग तीनदा बदलला. दर वेळी आक्का टॅब परत करी, जशी मी त्या पोरीची वही केली होती. मी तिथेच बसले होते. मला म्हणाली, "काय वं मास्तरीन, तूच सांग याले. पऱ्हाटी माह्या कानाले लागत होती. याच्या चित्रात ते खाली पडून हाय सारं, सतरंजीवानी."

कानाला! माझ्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला की मी हातातला चहा सांडला. बघणाऱ्याचा डोळा जिथे, क्षितिज तिथे, हे वाक्य मी फळ्यावर तीस वर्षं लिहिलं आणि त्यासाठी एकदाही गुडघा वाकवला नाही. मी ओरडलेच, "इवाई, तुम्ही वावर उभं राहून काढलंय! आक्कांनी ते कधी उभ्याने पाहिलं? यांनी बसून पाहिलं, निंदताना!"

इवाई मग हळूच म्हणाले, "हप्त्याच्या सुट्टीले जात होतो मी. सायकल धुऱ्याले टेकवायची, उभ्या उभ्या पाहायचं, डबा द्यायचा न् परत. बसलो मी कधीच नाही."

दुसऱ्या सकाळी आम्ही पारशिवनीच्या रस्त्यावर एका ओळखीच्यांच्या कपाशीत जाऊन उकिडवे बसलो. दोघांचे मिळून चार गुडघे, त्यातला एकही शाबूत नाही. बसलो आणि काय सांगू! जग पालटलं हो! डोंगर खाली उतरला, पऱ्हाट्या डोक्यावर गेल्या, पांढरी बोंडं कानाशी लागली, आणि तुरीच्या पिवळ्या फुलांच्या फटीतून निळ्या डोंगराचा एकच तुकडा दिसत होता. इवाई पोरासारखे ओरडले, "इहिनबाई, इकडून पहा! इकडून पहा!" शेजारच्या ओळीतली एक बाई कापूस वेचता वेचता हसून म्हणाली, "आजी, उठता येते का मंग हात देऊ?" हात द्यावाच लागला. दोघांनाही.

त्यांनी जुनं सगळं पुसलं. मुरमापासून सुरुवात केली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन वाजले तरी उठले नाहीत. चार दिवस ओव्हरटाइम. पाचव्या दिवशी मला फोन: "लवकर या. वावर तयार आहे."

आक्का पलंगावर बसली होती. आता तिची नजर झरोक्याएवढीच उरली होती. टॅब नाकाशी धरून ती इकडून तिकडे हळूहळू सरकवत होती, एका वेळी एक बोंड, एक पान, डोंगराचा एक तुकडा. मग दोन पऱ्हाट्यांच्या मध्ये तिने दोन बोटं ठेवली आणि ती अशी फाकवली, जशी निंदणारी बाई बुडाशी बघायला झाड बाजूला सारते. काचेवर बोटं फाकवली की चित्र मोठं होतं. बुडाशी इवाईंनी काढलेला गवताचा एक झुबका सरसर वाढत तिच्या नाकापर्यंत आला.

"अगाई! लहान्या! तण किती माजवलं गा! आपल्या वावरात एवढं तण होतं का कधी?"

"आपल्या म्हणाली!" इवाई खुर्चीवरून उठले, बसले, परत उठले. "इहिनबाई, ऐकलं ना? आपल्या म्हणाली!" आणि रुमाल डोक्याचा काढून डोळ्यांना लावला. आक्का मात्र त्यांच्यावर खेकसतच होती: "नाचतं काय? खुरपं आण!"

याला वर्ष झालं. आक्काला आता फक्त उजेड-अंधार कळतो. पण रोज जेवणानंतर ती हात पुढे करते, इवाई तिच्या मांडीवर टॅब ठेवतात आणि वावरात काय चाललंय ते सांगतात: तूर फुलोऱ्यावर आली, डोंगरावर धुकं आहे, धुऱ्यावर बगळा बसला. ती सगळं ऐकून घेते आणि विचारते, "तण काढलं का?"

"थोडं राहिलं, आक्का."

"मंग काढ ना. काहून ठेवतं?"

परवा मी गेले तेव्हा इवाई एक गवताचा झुबका काढत होते. पुसत नव्हते, नवा काढत होते, काडी काडी करून. मी म्हटलं, "अहो, तिला तर आता दिसतही नाही. आणि पुसायचंच तर एका बोटाचं काम आहे."

ते मान न उचलता म्हणाले, "सारं तण काढून टाकलं, तर मले रागावायले तिच्यापाशी काय राहील, इहिनबाई?"

आतून आक्काची हाक आली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन केव्हाच वाजून गेले होते. इवाई अजून गवताचं शेवटचं पातं काढत होते.