धाडचा ऑलराउंडर

ऑलराउंडरच्या उजव्या हाताच्या नखांत रंग असायचा आणि डाव्या हाताच्या नखांत माती. जेवणाआधी तो दोन्ही हात सारखेच घासायचा, पण पुरते स्वच्छ कधी व्हायचे नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावात आमची घरं शेजारी. मी त्याला दादा म्हणायची. गाव ऑलराउंडर म्हणायचं, आणि सुरुवातीला ते कौतुकानंच.

कौतुक खोटं नव्हतं. गावरान बोरीवर त्यानं केलेलं कलम हमखास फुटायचं. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार त्याच्याच हातचे. ब्रश टेकला की अक्षर एका दमात उतरायचं. त्याची आई लहानपणीच गेलेली. वडील शिंपीकाम करायचे. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. मशीनवरून मान वर करून ते म्हणायचे, "याले देवानं दोन हुनर देले. मले एकच देला, तो बी उसवते."

बारावीनंतर दादाचा दोन ठिकाणी नंबर लागला, अकोल्याला शेतकीला आणि औरंगाबादला चित्रकलेला. प्रवेशाची शेवटची तारीख दोन्हीकडे एकच. आठ दिवस तो कागद मांडून बसला. सकाळी अकोला ठरायचं, संध्याकाळी औरंगाबाद. मी तेव्हा सातवीत होते. मलाही विचारायचा, "काय करू, सांग ना वं?"

शेवटच्या दिवशी बाबांनी पहाटेच त्याला बुलढाण्याला नेलं आणि अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं. बस खामगावला थांबली. स्टँडच्या भिंतीवर एक पेंटर जाहिरात रंगवत होता.

"त्याचा 'ग' वाकडा पडून राह्यला होता," दादानं मला नंतर सांगितलं. "मले पाहवलंच नाही. वाटलं, आपण हे सोडून चाल्लो."

तो उतरला. उलटी बस धरून औरंगाबादला पोचला, तेव्हा ऑफिसला कुलूप लागलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. बाबांनी ना शिवी दिली, ना हात उचलला. "दोन्ही बस चांगल्याच होत्या ना बे," ते म्हणाले. "एकीत तं बसायचं होतं." मग कितीतरी वेळ ते सुईत दोरा ओवत राहिले.

पुढच्या साली पाहू, असं ठरलं होतं. पण त्याच वर्षी बाबांना दिसेनासं झालं आणि दादाला कमावणं भाग पडलं. अंगणात त्यानं रोपवाटिका काढली, सोबत दुकानांचे बोर्ड रंगवू लागला. चिखलीला बोर्डाचं काम निघालं की इकडे रोपं वाळायची. रोपांत रमला की तिकडे बोर्ड अर्धवट राहायचे. मग फ्लेक्स आले आणि बोर्ड बंदच झाले. आता पारावर कुणी 'ऑलराउंडर' म्हणून हाक मारली की बाकीचे हसायचे.

मी बारावी झाले तेव्हा माझंही तसंच होतं. धावण्यात मी जिल्ह्यापर्यंत गेले होते आणि नर्सिंगलाही नंबर लागला होता; दोन्ही एकदम जमणार नव्हतं. मी रडत बसले होते. दादा दारात आला, आत न येताच म्हणाला, "एक धर. बाकी रडू दे." मी नर्सिंग धरलं. आज नोकरी आहे, घर आहे. मैदानाजवळून जाताना पाय अजून तिकडे ओढ घेतात. तरी त्याच्यामुळे माझं काहीतरी झालं, हे खरं.

मागच्या वर्षी बाबा गेले, तेव्हा मी धाडला गेले. दादा एव्हाना रोपवाटिका सोडून औरंगाबादकडे एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला होता. सगळं उरकून तो परत निघाला. मी जीपपर्यंत सोबत गेले; भोकरदनला त्याला औरंगाबादची बस मिळणार होती.

"आता काही काढतोस का, दादा?"

"घेतो कागद. मंग झाडाची याद येते."

मला राहवलं नाही. "त्या दिवशी खामगावले उतरला नसता तं?"

"तं चित्राची याद आली असती." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण एकाचीच आली असती ना वं. दोन्हीची नसती आली."

जीपवाला भोकरदन-भोकरदन ओरडत होता. दादा मागच्या सीटवर अंग चोरून बसला. मी हात केला, पण त्याचं लक्ष नव्हतं. 'पुन्हा ये' म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाबा नसताना त्यानं धाडला कुणाकडे यायचं, हे मलाच सुचेना.